खेळाला नाक मुरडणाऱ्यांसाठी

“मोबाईलनं चांगली धडधाकट पोरं वाया चालली, आणि ज्याला नीट उभंही राहता येत नाही त्याला तुम्ही व्हिडिओ गेम देता?” सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या आपल्या खान्देशी वस्तीत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या उपचारांत गेमचं नाव काढलं, की हा सवाल ठरलेला. विचारणारा बहुधा घरातला वडीलधारा असतो आणि त्याची काळजी खोटी नसते. पण ज्या गेमचा त्याला धाक आहे तो गादीवर लोळून, अंगठ्यानं खेळायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पडद्याच्या वेळेला मर्यादा घातली, तीही बसल्या जागी बघण्याच्या वेळेला. इथे तर मुलाला बसूच द्यायचं नाही.

प्रत्यक्षात होतं काय ते बघा. निंटेंडोनं २००७ साली आपल्या ‘वी’ या यंत्रासाठी बॅलन्स बोर्ड काढला. बोर्ड कसला, पाट म्हणा. त्याच्या चार कोपऱ्यांत लोड सेल असतात, वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतात त्याच जातीचे. कुठल्या पायावर किती भार पडला, पुढे किती, मागे किती, हे त्यातून कळतं. एका खेळात पडद्यावरचं टेबल मुलाच्या भारानुसार कलतं आणि त्यावरचे गोळे भोकात पाडायचे असतात. आता दोन्ही पाय ताठ असलेलं मूल डोळ्यांपुढे आणा. पोटऱ्या आखडलेल्या, टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांना घासणारे. गोळा मागे आणायचा तर भार टाचांकडे न्यावा लागतो. “टाच टेक रे बाळा” असं आई दिवसभर कानीकपाळी ओरडते, ते पोर गोळ्यापायी आपणहून करू बघतं, आणि फसलं की पुन्हा करतं. हे ‘पुन्हा’ फार मोलाचं आहे, कारण मेंदूला नवी हालचाल शिकवायला आवृत्तीवाचून दुसरा रस्ता नाही.

“खरी कसरत म्हणजे फिजिओनं हातपाय धरून करवून घेतलेली,” हा दुसरा आक्षेप. पाया कच्चा आहे तो नेमका याच समजुतीचा. २०१३ साली संशोधक इओना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला. मुलानं एखादं उद्दिष्ट धरून स्वतः केलेला सराव त्यात भक्कम ठरला. दुसऱ्यानं अंग हलवून द्यायचं आणि मुलानं निमूट पडून राहायचं, या पद्धतीच्या बाजूनं फारसं काही निघालं नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो झटकून चालणार नाही. पाटावर आलेला तोल पाटावरच राहतो, असं म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात (तोही २०१३चाच) शरीराची एक बाजू अधू असलेल्या १४ मुलांना तीन आठवडे नेहमीच्या फिजिओथेरपीऐवजी याच पाटावरचा ‘वी फिट’ हा गेम खेळायला दिला. तोलाचे गुण वाढले, पण धावण्यात आणि जिना चढण्या-उतरण्यात लक्षणीय फरक पडला नाही. १४ पैकी १० मुलांना मात्र नेहमीच्या कसरतीपेक्षा खेळच आवडला. यावरून खेळ मोडीत काढा असं कुणी म्हणेल, मला तसं दिसत नाही. जिना हवा असेल तर जिन्याचाच सराव करायला हवा. अर्धा तास पाटावर, आणि अंग जरा सैल झालं की लगेच चाळीचा अरुंद जिना, नाहीतर बीआरटीएसचा फलाट आणि बस यांच्यातली फट. खेळानं कसरतीची जागा घेऊ नये, कसरतीकडे नेऊन सोडावं.

खरी झोडपणी व्हायला हवी ती वेगळ्याच मंडळींची. “व्हर्च्युअल रिॲलिटीनं मूल चालू लागेल” म्हणत पॅकेजं विकणाऱ्यांची. सेरेब्रल पाल्सी ही वाढत्या मेंदूला झालेली इजा आहे. ती इजा पुसून टाकणारं यंत्र कुणाकडे नाही. या मुलांच्या हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर मानतात, आणि पाचव्या स्तरातल्या, आधाराशिवाय मानही न धरणाऱ्या मुलाला पाटावर उभं करण्याची भाषा ही शुद्ध फसवणूक. शिवाय यंत्राला चकवण्यात पोरं बिलंदर असतात. ‘वी’च्या हातातल्या रिमोटला मनगटाचा झटका देऊन, खुर्चीत बसल्या बसल्या टेनिस जिंकतात. अंगाच्या हालचाली टिपणारा मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टचा कॅमेरा मुलाला धरून मागे उभ्या असलेल्या माणसामुळे गोंधळतो आणि कुणाचा हात कुणाला चिकटवील याचा नेम नाही. बरं, त्या कायनेक्टचं उत्पादन २०१७ सालीच थांबलं. यंत्रावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

मग मी हा खेळ सुरतेत का मागतो आहे? बाप लूमच्या खात्यात बारा तासांच्या पाळीला, आई घरी साड्यांचं धागा कटिंग करत बसलेली. मुलाला कसरतीसाठी सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयात न्यायचं म्हणजे एकाची दिवसाची मजुरी बुडते. पहिले काही दिवस नेतात, मग खाडे सुरू होतात, आणि शेवटी मूल ओट्यावर बसून राहतं. त्याला आळशी म्हणण्यात काय अर्थ? सराव त्याच्या गल्लीत आला पाहिजे.

आणि तो येऊ शकतो. या भागात महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सेरेब्रल पाल्सीला २१ प्रकारांत धरलं आहे, आणि अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा सुटल्यावर एक खोली उघडी ठेवायची. लोड सेलचा पाट बनवणं एसव्हीएनआयटीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना जड नाही. गेमही इथलाच करावा. आयत्या गेममधला बर्फाचा उतार लिंबायतच्या पोरानं कधी पाहिला? त्याला उत्तरायणचा पतंग द्या. उजवीकडे भार दिला की ढील, टाचांवर दिला की खेच. वेग मुलाच्या बेतानं कमी करता यावा, आणि हरल्यावर यंत्रानं त्याचा पाणउतारा करू नये.

मात्र मुलाच्या मागे जाणता माणूस उभा हवा. गुडघा आत वळतोय का, मूल घोट्याऐवजी नुसती कंबर वाकवून गुण मारतंय का, हे पाटाला कळत नाही. म्हणून या खर्चाच्या यादीत पहिली ओळ फिजिओथेरपिस्टच्या पगाराची असावी, आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी तो खोलीत असेल अशी. त्या ओळीला कात्री लावून भिंतीवर नुसता मोठा टीव्ही टांगला आणि उद्‌घाटनाची फीत कापली, तर त्या योजनेविरुद्ध पहिला अर्ज माझा असेल.