पाटीचे मोल

एखाद्या जुन्या क्लबाच्या लिलावात बिलियर्डचे मेज अल्प किमतीस पदरात पडले म्हणून हर्षित होणाऱ्या गृहस्थाने, त्या हिरव्या बनातीखाली पाच दगडी पाट्या निजलेल्या असून १२ फुटी मेजाचे वजन टनाहून अधिक भरते, ही गोष्ट विसार देण्यापूर्वीच ध्यानी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बनात नवी मिळते, पाय सुतार दुरुस्त करतो. पण तडकलेल्या पाटीवर सहसा इलाज चालत नाही, तेव्हा बॅटरी घेऊन खाली वाकण्यात कसला आला कमीपणा! पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली जागतिक अजिंक्यपद पटकावले, तेही अशाच दगडावर.

मेज अखंड उचलण्याची फुशारकी मारणाऱ्या हमालांस नम्रपणे निरोप द्यावा. जाणता मिस्त्री आधी कडेच्या गाद्या सोडवितो, बनात उकलतो, सांध्यांतले प्लास्टर खरवडून प्रत्येक पाटीवर खडूने अनुक्रम घालतो आणि ती आडवी न धरता कडेवर उभी तोलून नेववितो. त्याची मजुरी कदाचित मेजाच्या किमतीहून जड वाटेल. तरीही ती बिनतक्रार द्यावी, कारण नव्या घरी पाणसळ लावून, पायांखाली पाचरी सारीत तो जो अर्धा दिवस घालवितो, त्यावाचून चेंडू आपणहून एकाच कोपऱ्याकडे चालू लागतो.