'ओढछत्री' म्हणायला लाज कसली?

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. राज्यकारभाराच्या भाषेतील फार्सीचे तण उपटण्यासाठी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविणारा राजाही हाच. त्याच्या या जलदुर्गाच्या परिसरात आज सुट्टीच्या दिवसांत रंगीबेरंगी छत्र्या आकाशात चढतात, वेगवान नौका त्यांना दोराने ओढतात, आणि या साऱ्याचे नाव असते 'पॅरासेलिंग'. त्यामागून येतात 'हार्नेस', 'विंच', 'टो-रोप'. मराठी उरते ती क्रियापदापुरती, तीही गिऱ्हाईक मराठी असेल तर!

यावर सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले आहे. खेळ परका, मग शब्द परका राहिला तर बिघडले कोठे? खेळ परका आहे हे खरेच. नौकेमागे ओढत वर चढणारी छत्री १९६१ च्या सुमारास फ्रान्समध्ये आकाराला आली. आणि परक्या वस्तूचे परके नाव घेण्यास भाषाशुद्धीचे प्रणेते स्वातंत्र्यवीर सावरकर यांचीही आडकाठी नव्हती. बूट, कोट, टेबल, टेनिस हे शब्द त्यांनी खुशाल चालू दिले. मात्र अशा वस्तूला कोणी स्वकीय नाव देऊन ते रुळवून दाखवील तर उत्तमच, अशी पुस्ती त्यांनी जोडली होती. आजचे शहाणे सवलत तेवढी लक्षात ठेवतात आणि पुस्ती सोयीस्करपणे विसरतात.

ज्या शब्दापुढे मान तुकवायची तो शब्द तरी कसा आहे? १७८३ मध्ये लुई-सेबास्तियाँ लनोर्मां याने माँपेलिए येथील वेधशाळेच्या मनोऱ्यावरून छत्रीसारख्या साधनाच्या आधाराने उडी घेतली आणि त्या साधनाला 'पॅराशूट' म्हटले. 'पॅरा' म्हणजे निवारणारे आणि 'शूट' म्हणजे पडणे. अर्थ नेमका आणि शब्द सार्थ. पुढे इंग्रजीने त्यातील 'पॅरा' तोडून 'सेल' म्हणजे शिडाला चिकटवला. व्युत्पत्तीचा काटेकोर हिशेब केला तर 'पॅरासेल'चा अर्थ 'शीड निवारणारे' असा निघतो! असले कडबोळे आपण शास्त्रीय संज्ञा म्हणून देव्हाऱ्यात बसविले आहे. जर्मनांनी तसे केले नाही. ते पॅराशूटला 'फालशिर्म' म्हणजे पडण्याची छत्री म्हणतात आणि पॅराग्लायडरला 'ग्लाइटशिर्म' म्हणजे तरंगण्याची छत्री. फ्रेंच लोक पॅरासेलिंगला 'वर चढणारे पॅराशूट' अशा अर्थाच्या स्वतःच्या शब्दांनी ओळखतात. या दोन्ही समाजांना विज्ञान कळत नाही, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

प्रश्न केवळ अभिमानाचा असता तर तो सभा-संमेलनांवर सोपवता आला असता. तो जिवाचा आहे. पॅराग्लायडिंग आणि पॅरासेलिंग ही नावे अनेक मराठी घरांत, क्वचित बातम्यांतही, एकमेकांच्या जागी वापरली जातात. वास्तविक दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कामशेतच्या डोंगरावरून झेपावणाऱ्याला दोर नसतो. छत्रीच्या दोऱ्या चालकाच्या हातात असतात आणि दिशा तो ठरवितो. किनाऱ्यावर छत्रीखाली लटकणाऱ्याच्या हाती मात्र जवळजवळ काहीच नसते. त्याचा जीव दोरावर, नौका हाकणाऱ्याच्या शहाणपणावर आणि वाऱ्यावर असतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दीवच्या नागोवा किनाऱ्यावर एका दांपत्याचा दोर तुटला. अंगात जीवरक्षक जाकिटे होती आणि खाली समुद्र होता, म्हणून दोघे वाचले. २०१८ मध्ये रायगड जिल्ह्यातील मुरूडला दोर तुटला तेव्हा पुण्याच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या नशिबी तेही नव्हते. 'टो-रोप तपासला आहे काय?' असे विचारणारा आजोबा मराठी मुलखात किती घरांत सापडेल? 'दोर जुना दिसतो, केव्हा बदललात?' हे विचारायला मात्र कोणतीही आजी कचरणार नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०१४ मध्ये कायदाच केला. वारा सलगपणे ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर हा व्यवसाय चालवायचा नाही. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि नोंदणीचे बंधन घातले. ते योग्यच झाले. पण नियम कागदावर मराठीत आणि किनाऱ्यावर इंग्रजीत राहिला, तर तो पाळला जातो की नाही हे पाहणार कोण?

मराठीत शब्द नाहीत ही तक्रार तर निव्वळ आळसाची आहे. दोराने वाऱ्यावर उडवायची वस्तू मराठी मुलाला नवी का आहे? तो पतंग उडवितो. ढील आणि खेच म्हणजे काय हे त्याला चौथ्या वर्षी कळते. नौकेवरचे 'विंच' दुसरे काय करते? दोर सोडते तेव्हा छत्री चढते, गुंडाळते तेव्हा उतरते. पतंगाची आसारी किंवा विहिरीवरचा रहाट, यांतील कोणताही शब्द तेथे शोभेल. आणि दोर तुटला की छत्री दगडासारखी पडत नाही, कटलेल्या पतंगासारखी वाऱ्याबरोबर भरकटत जाते. खरे संकट हेच असते, आणि ते समजावयास इंग्रजीची शिकवणी लागत नाही. किनाऱ्यावरच्या तांडेलाजवळ तर शीड, डोलकाठी, सुकाणू, मतलई वारा, उधाण अशी पिढीजात संपत्ती आहे. तीच त्याने गिऱ्हाइकापुढे लपवावी आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलावे, अशी व्यवस्था आपण लावून दिली आहे.

म्हणून पॅरासेलिंगला 'ओढछत्री' म्हणावे आणि पॅराग्लायडिंगला 'तरंगछत्री'. एकीला ओढणारा लागतो, दुसरी स्वतः तरंगते. भेद नावातच आला. 'छत्री' ऐकून नाके मुरडणाऱ्यांनी 'छत्रीधारी सैनिक' हा शब्द मराठी वाचकाने किती सहज स्वीकारला ते आठवावे.

येथे शासकीय परिभाषाकारांनाही हात जोडून विनंती आहे. त्यांनी 'नौकाकर्षित छत्रउड्डयनक्रीडा' असे काही प्रसवू नये. असल्या शब्दांनीच इंग्रजीचे फावते. सावरकरांचे दिनांक, क्रमांक, महापौर रुजले, कारण ते जिभेवर बसले. आणि हट्ट परक्या शब्दाच्या द्वेषाचाही नाही. 'आरमार' हा शब्द मूळचा पोर्तुगीज, पण मराठ्यांनी स्वतःचे आरमार उभारले, समुद्रावर गाजविले, आणि शब्द आपला झाला. पॅरासेलिंगच्या बाबतीत मात्र नौका आपली, खलाशी आपला, समुद्र आपला आणि बोलणे तेवढे उसने.

पावसाळ्यात हा खेळ बंद असतो. नौका शाकारलेल्या असतात, दोर उन्हापावसापासून आत ठेवलेले असतात. फलक उतरवून नव्याने रंगविण्यास एका नौकावाल्याला एक दिवस आणि एक डबा रंग पुरेल.