कोर्लईचे चर्च आणि गणनेबाहेरची भाषा

रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथे, दक्षिण तीरावर, कोर्लईचा डोंगर उभा आहे. मुंबईहून येणारा प्रवासी वरचा किल्ला पाहतो, दीपगृहापाशी थोडा रेंगाळतो आणि परत फिरतो. पायथ्याच्या गावाकडे आणि तेथील माउंट कार्मेल मातेच्या चर्चकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः कोर्लईत जे जुने असून अद्याप जिवंत आहे, ते किल्ल्यात नाही. ते या चर्चभोवतीच्या घरांत आहे. येथील सुमारे हजारभर ख्रिस्ती माणसांची घरातली भाषा मराठी नव्हे, कोकणी नव्हे आणि लिस्बनची पोर्तुगीजही नव्हे. अभ्यासक तिला कोर्लई पोर्तुगीज म्हणतात, गावकरी ‘क्रिस्ती’ म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज. परंतु कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी, ही ठेवण सरळ मराठीची आहे.

चौल येथे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये किल्ला बांधण्यास आरंभ केला आणि १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर जिंकून घेतला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले. राज्यकर्ता गेला की त्याची भाषा दोन-तीन पिढ्यांत विरून जावी, हे स्वाभाविक. कोर्लईत तसे झाले नाही. सत्ता गेली, पण चर्च राहिले, आणि पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावात येत राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये होई, पण प्रार्थना, प्रवचन आणि धर्मशिक्षण या मार्गाने पोर्तुगीज शब्द कानांवर पडत राहिले. गोव्याशी असलेला हा एवढाच धागा दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला.

मात्र एकट्या चर्चला हे श्रेय देणे सोपे असले तरी पुरेसे नाही. या बोलीवर १९९६ मध्ये ग्रंथ लिहिणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी दुसरे, काहीसे अप्रिय कारण पुढे केले आहे. धर्मामुळे ही माणसे शेजारच्या हिंदू-मुसलमानांपासून वेगळी राहिली. आणि जातीमुळे इतर ख्रिस्ती समाजांशी त्यांचे बेटीव्यवहार जुळले नाहीत. भाषा टिकली ती या दुहेरी एकटेपणात. शहरात बसून बोलीच्या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या परिस्थितीने क्रिस्ती जगवली ती परिस्थिती तशीच राहावी, अशी अपेक्षा कोर्लईच्या शेतकऱ्याकडून करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ती परिस्थिती आता राहिलेलीही नाही. १९८६ च्या सुमारास रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा पूल झाला आणि नावेची जागा एस. टी.ने घेतली. नव्वदच्या दशकात साळावला स्पंज आयर्नचा कारखाना उभा राहिला. शेतीवर भागेनासे झाले की मुले अलिबागला, मुंबईला जातात. मराठीवाचून शाळा नाही, इंग्रजीवाचून नोकरी नाही, आणि क्रिस्तीला बाजारात किंमत नाही. आई मुलाशी मराठीत बोलू लागते तेव्हा ती भाषेचा द्रोह करीत नसते. संसाराचा हिशेब करीत असते.

परंतु एका ठिकाणी हा हिशेब बाजाराने केलेला नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. हेतू असा की, भाविकाला आपली प्रार्थना समजावी. कोर्लईत पुढे मिस्सा मराठीत आली. ही सुधारणा न्याय्य होती आणि येथील माणसांना मराठी उत्तम समजते, यातही शंका नाही. तथापि मातृभाषेसाठी झालेल्या सुधारणेत कोर्लईची मातृभाषाच बाजूला राहिली. मराठीला छापील ग्रंथ होते, क्रिस्तीला लेखनाची परंपराच नव्हती. जी वास्तू इतकी वर्षे या भाषेचा आधार होती तिच्यातच तिला जागा उरली नाही.

सरकारदरबारीही तेच. दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांची नावे जनगणना स्वतंत्रपणे प्रसिद्ध करीत नाही. १९७१ पासूनचा हा रिवाज आहे. राज्यघटनेचा ३५० क अनुच्छेद अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो, २०२० चे शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत तोच आग्रह धरते. पण जिचे नावच तक्त्यात नाही तिच्यासाठी शिक्षक कोणी मागावा? हजार माणसांसाठी स्वतंत्र पाठ्यपुस्तके काढणे परवडणारे नाही, हा अर्थखात्याचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र पर्याय तेवढाच नाही. देवनागरीत लिहिलेली एक छोटी शब्दावली, गोष्टींचे व गाण्यांचे एक पुस्तक आणि वृद्धांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण, यांना कारखान्याएवढे भांडवल लागत नाही. मराठी शाळेतला शिक्षक पहिली-दुसरीच्या मुलाला त्याच्या घरच्या शब्दावरून मराठी शब्दाकडे नेऊ शकेल. त्यात मराठीचे काही जात नाही.

चर्चला तर याहूनही कमी खर्चात काही करता येईल. माउंट कार्मेल मातेचा सण १६ जुलैला येतो. पावसाळा भरात असतो, मासेमारी बंद असते आणि बाहेरगावी गेलेली मुले त्या दिवशी घरी येण्याची अधिक शक्यता असते. त्या दिवसाची एखादी प्रार्थना क्रिस्तीत व्हावी, हे धर्मग्रामाच्या वडीलधाऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी एकत्र बसून ठरवायचे आहे. प्रार्थना कोणत्या लिपीत लिहावी, आजीचा उच्चार प्रमाण मानावा की शाळकरी नातवाचा, असे वाद होतील. तेही त्या भाषेतच झाले तर बरे.