पंखा एकट्याने का घ्यायचा?



शिमगा झाला की गडहिंग्लजच्या बाजारात दुकानांपुढे पंख्यांची खोकी रचली जातात. नेसरी, नूल, महागाव, हलकर्णीकडून आलेला आपला माणूस खताची चौकशी, बँकेचे काम उरकतो, दुकानात डोकावतो, "जरा कमीतला दाखवा" म्हणतो आणि खोके घेऊन एस. टी. त बसतो. मिरचीच्या सौद्यात किलोमागे दोन रुपयांसाठी तासभर अडून बसणारा हाच माणूस. मात्र पुढची दहा-पंधरा वर्षे दर महिन्याला पैसे मागणारी वस्तू तो दहा मिनिटांत घेऊन मोकळा होतो. आम्हीही याला अपवाद नव्हतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

हिशेब अगदी साधा आहे. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज खातो. रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट होतात. 'बीएलडीसी' म्हणतात तो नवा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो, म्हणजे महिन्याला ११ युनिटांच्या आत. एका पंख्यामागे १६ युनिट वाचले. आता बिल उलटे करून दर पाहा. पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याच्या जवळजवळ दुप्पट. वाचलेली युनिटे वरच्या टप्प्यातली, म्हणजे महागातली असतात. ज्याचे बिल शंभराच्या पुढे जाते, त्याचे हजार-दीड हजार जादा पैसे वर्ष-दीड वर्षात वसूल होतात. ज्याचे बिल शंभराच्या आतच आहे, त्याला दुप्पट वेळ लागेल. त्याने घाई करू नये. दुकानदार हे सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो.

पंखा बदलायचा तर कोणता? आपल्याकडे पाहुण्यांसमोर दिसतो तो सोप्यातला पंखा आधी बदलतात. तो दिवसातून दोन तास फिरतो. रात्रंदिवस फिरतो तो आतल्या खोलीत आजारी आईच्या किंवा बाळंतिणीच्या डोक्यावरचा. तोच खरा पैसे खातो आणि खडखडतोही तोच. पहिला नवा पंखा तिथे बसला पाहिजे. आणखी एक गोष्ट आम्ही घरोघर पाहिली आहे. नवा पंखा घरात येतो आणि जुना गोठ्यात टांगला जातो. जनावराला वारा मिळाला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, पण मग "नवा पंखा घेऊनही बिल वाढलंच की ओ" अशी तक्रार करू नये.

घेताना खोक्यावरच्या तारका पाहाव्यात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. तारका ठरतात त्या एका वॅटमागे किती हवा मिळते यावर. म्हणून वॅटबरोबर हवेचा आकडाही वाचावा. १२०० मिलिमीटरच्या पंख्याने मिनिटाला दोनशे-सव्वादोनशे घनमीटर हवा द्यायला हवी. वॅट कमी आणि वाराही कमी असा पंखा घेऊन काय उपयोग?

दिव्यांच्या बाबतीत आपण शहाणे झालो आहोत, पण अर्धेच. गोठ्यात ६० वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर जळत असे तेव्हा महिन्याला साडेएकवीस युनिट जात. ९ वॅटचा एलईडी सव्वातीन युनिटांत तेच काम करतो. पण बल्ब अजून आपण वॅट पाहूनच मागतो. उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. दोन्ही ९ वॅटचेच असून एक लख्ख आणि दुसरा मिणमिणता असतो, त्याचे कारण हेच. "एलईडी सहा महिन्यांत जातो" ही तक्रारही पुष्कळदा खरी असते. त्यातला दिवा सहसा जात नाही, आतले छोटे सर्किट जाते. उष्णतेने जाते, आणि व्होल्टेज वर-खाली झाल्यानेही जाते. काचेच्या बंद हंडीत एलईडी कोंडला की तो तापणारच. सैल होल्डरमध्ये ठिणग्या उडत असतील तर नवा बल्ब लावूनही तोही जाईल. गोठ्यात धूळ आणि ओल शिरणार नाही असे फिटिंग घ्यावे व महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून जळमटे काढावीत.

पंख्याचेही तसेच. पात्यांवर धुळीचा थर बसला की वारा कमी होतो आणि तोल जाऊन पंखा डुलू लागतो. एका पंख्याचे पाते दुसऱ्याला लावू नये. साधा पंखा मंदावला तर लगेच वाइंडिंगला नेऊ नये. बहुधा कंडेन्सर उतरलेला असतो आणि तो थोड्या पैशांत बदलून मिळतो. वर्षातून एकदा हुकाचे रबर, बोल्ट आणि स्प्लिट पिन वायरमनकडून तपासून घ्यावी. पंखा डोक्यावर असतो हे आपण विसरतो. नव्या बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाकावा लागतो. रिमोट हरवतो ही म्हाताऱ्या माणसांची अडचण खरी आहे. तो खाटेला दोरीने बांधण्याची युक्ती आमच्या घरात चालली.

आता खरी अडचण. जुना पंखा जळला तर बाजारपेठेतला वाइंडिंगवाला दोन दिवसांत तो फिरता करून देई. नव्या पंख्याचे सर्किट त्याच्या हातचे नाही. पट्टी मिळत नाही, कंपनीचा माणूस कोल्हापुरातून येणार, तो कधी येणार याचा पत्ता नाही. अशा वेळी हमीचा कागद असून नसल्यासारखा. एकट्या गिऱ्हाइकाचे कोण ऐकतो?

ही अडचण आपण सहकारातल्या माणसांनी नशिबावर सोडावी हे आम्हांस पटत नाही. एलईडी बल्बचे काय झाले ते आठवा. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू केली. ग्राहकांची मागणी एकत्र करून लाखोंनी खरेदी झाली, आणि २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांच्या खरेदीभावावर आला. ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघर गेले. ऊस एकत्र घालून आपण जे केले, तेच त्यांनी बल्ब एकत्र घेऊन केले. पंख्यांसाठीही तशी योजना २०२३ मध्ये जाहीर झाली, पण तिची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

गावोगावच्या विकास सेवा सोसायट्यांनी व ग्राहक भांडारांनी चैत्र लागायच्या आत सभासदांची मागणी नोंदवावी. दोनशे-चारशे पंख्यांची मागणी घेऊन गेले की कंपनीचा विक्रेता खुर्ची देतो. पण नुसता भाव पाडून घेऊ नये. भाव थोडा कमी पडला तरी चालेल, अटी मात्र लिहून घ्याव्यात : हमीच्या मुदतीत दुरुस्ती गडहिंग्लजमध्येच होईल, सर्किटच्या पट्ट्या इथल्या विक्रेत्याकडे शिल्लक राहतील आणि इथल्या दोन-तीन वाइंडिंगवाल्यांना व आयटीआयच्या मुलांना कंपनी हे काम शिकवील. वाइंडिंगवाले आपल्याच सभासदांची मुले आहेत. जुने पंखे गेले म्हणून त्यांचे हातचे काम जाऊ नये.

ज्या सभासदांना हे पटेल त्यांनी आपले उन्हाळ्यातले एक लाईटबिल आणि घरातल्या पंख्यांची संख्या आपल्या सोसायटीच्या सचिवांकडे द्यावी. नोंदणीला सुरुवात करायला तेवढे पुरे आहे.