शुगरची तपासणी दूध डेअरीवर करा

तिशीच्या पुढच्या माणसांचे तपासणीचे फॉर्म भरताना मी टेप काढली की बाया हमखास म्हणतात, “ताई, माझी कंबर कशाला मोजता? मी काय जाड आहे?” आशा म्हणून गावात फिरताना मला ‘शुगर जाड माणसालाच होते’ हा समज सगळ्यात घातक वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच. पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१ टक्के, त्या इंग्रजाच्या ९. आपल्याकडे हातपाय बारीक राहतात नि पोट सुटतं. म्हणून बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की फॉर्मवर धोक्याचे गुण चढतात. आईवडिलांना शुगर असेल तर आणखी.

शुगर असूनही कित्येकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. जाणवलं तरी कारण दुसरंच सांगतात. रात्री तीनदा लघवीला उठावं लागलं तर वय झालं, पायाला मुंग्या आल्या तर दिवसभर उसात उभं राहिलो, टाचेची जखम महिनाभर भरली नाही तर काटा मोडला असेल. बायका अवघड जागेच्या खाजेबद्दल तर आपणहून बोलतच नाहीत. दार लोटून, शेजारी बसून विचारावं लागतं. मग सांगतात, आणि बहुतेकदा खूप दिवसांचं सांगतात.

तपासणी फुकट आहे, पण ती होते दुपारी उपकेंद्रात. तेव्हा पुरुष रानात असतात आणि आलेल्या बाया जेवून आलेल्या. उपाशीपोटी रक्त घ्यायचं तर सकाळी सहाला दूध डेअरीसारखी जागा नाही. किटली घेऊन घरटी एक माणूस तिथे येतोच. आदल्या संध्याकाळी “उद्या चहा न घेता या” एवढं सांगायला आम्ही आहोत. बोटाच्या थेंबात शुगर १२६ किंवा जास्त आली तर लॅबमधून पक्की करायची. १०० ते १२५ मधल्या माणसाला तर मी सोडणारच नाही, कारण तो अजून सावरू शकतो.

यासाठी नवी योजना नको. महिन्यातून दोन सकाळी सिस्टर डेअरीवर याव्यात, स्ट्रिप पुरेशा असाव्यात आणि त्या दिवशी आमच्या दुपारच्या गृहभेटी माफ व्हाव्यात.