सिलिंडर पोहोचले, धूर मात्र उरला

हिवाळा सुरू झाला की दिल्लीतील हवेची आकडेवारी बातम्यांमध्ये झळकू लागते. घराबाहेरच्या हवेसाठी देशात प्रमाणके आहेत, ती मोजणारी केंद्रे आहेत आणि २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमही राबवला जात आहे. घराच्या आतील हवेच्या वाट्याला यातील जवळजवळ काहीच आलेले नाही. वास्तविक स्त्रिया, तान्ही मुले आणि वृद्ध यांचा बहुतेक दिवस घरातच जातो, आणि देशातील कोट्यवधी घरांत सर्वाधिक धूर होतो तो स्वयंपाकघरातच.

लाकूड, शेणाच्या गोवऱ्या आणि पिकांचा काडीकचरा चुलीत पूर्णपणे जळत नाही. त्यातून अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साईड आणि बेंझिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत या धुराचे मोजमाप १९८० च्या दशकाच्या आरंभीच केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरगुती धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. बालकांचा न्यूमोनिया, फुप्फुसांचे जुनाट विकार, हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध जोडला जातो.

सरकारी पातळीवर पहिला मोठा प्रयत्न झाला तो सुधारित चुलींचा. १९८० च्या दशकात सुरू झालेला हा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये बंद करण्यात आला. चुलींना तडे जात, धुराडी काजळीने भरत आणि दुरुस्तीसाठी कोणी फिरकत नसे. शिवाय धुराडे उत्तम असले तरी ते धूर नाहीसा करीत नाही, फक्त घराबाहेर ढकलते. दाट वस्तीत तोच धूर शेजारच्या खिडकीतून आत शिरतो.

त्यामुळे १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने चूल सुधारण्याऐवजी इंधनच बदलण्याचा मार्ग पत्करला, हे योग्यच झाले. आठ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झाले आणि २०२५ पर्यंत ही संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. इतक्या कमी काळात इतक्या गरीब घरांपर्यंत गॅस पोहोचवणे ही लहान कामगिरी नव्हे.

परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि चूल विझणे वेगळे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्के आढळली. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपासच होते. सरकारच्याच आकडेवारीनुसार उज्ज्वला लाभार्थी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेत असत, २०२४-२५ मध्ये ही सरासरी ४.४७ वर आली. सुधारणा निश्चितच आहे. मात्र पाच माणसांच्या कुटुंबाचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा, तर कितीही जपून वापरला तरी वर्षाला सात-आठ सिलिंडर लागतात. उरलेला स्वयंपाक, अंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण अजूनही चुलीवरच होते, असा याचा सरळ अर्थ आहे.

याचे कारण सवयीत किंवा चुलीवरच्या भाकरीच्या चवीत शोधण्याची प्रथा आहे. ते अपुरे आहे. सरपण वेचून आणायला पैसे पडत नाहीत, पडतात ते स्त्रियांचे श्रम, आणि त्यांचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही. सिलिंडरला मात्र एकरकमी रोख पैसे मोजावे लागतात.

थोडा गॅस, थोडी चूल अशा संमिश्र वापराने निम्मा धोका टळतो, हाही एक गैरसमज आहे. धुराची मात्रा आणि आजार यांचे नाते सरळ रेषेत चालत नाही. धूर फार असेल तेव्हा तो थोडा घटवून लाभ अल्प मिळतो, मोठा लाभ अगदी शेवटच्या टप्प्यात असतो. तमिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे ३२०० गर्भवती स्त्रियांचा समावेश असलेली एक मोठी चाचणी झाली. तीत निम्म्या घरांना शेगडी आणि गॅस मोफत व घरपोच देण्यात आला. या घरांनी चूल जवळपास सोडून दिली आणि त्या स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म कणांची पातळी घनमीटरमागे सुमारे २४ मायक्रोग्रॅम राहिली, उरलेल्या निम्म्या घरांत मात्र ती सुमारे ७० होती. तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात बालकांच्या वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. गॅस निरुपयोगी आहे असा याचा अर्थ लावणे घाईचे ठरेल. मात्र एवढी घट होऊनही जिथे हा लाभ दिसला नाही, तिथे अर्धवट वापरातून फार अपेक्षा ठेवता येणार नाही.

शहरी घरांची स्थिती निराळी, पण निर्धास्त नव्हे. डास पळवणारी एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ च्या एका अभ्यासात आढळले होते. बंद खोलीत रात्रभर ती जाळून दिवसा हवा शुद्ध करणारे यंत्र लावण्यात फारसे शहाणपण नाही. हवा शुद्ध करण्यासाठी कुंड्या मांडण्याचेही तसेच, त्यांनी घराला शोभा येते इतकेच. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवणे आणि पंख्याने हवा बाहेर काढणे अधिक उपयोगी पडते.

ग्रामीण घरांसाठी पुढची वाट अनुदानातून जाते. ऑक्टोबर २०२३ पासून उज्ज्वला लाभार्थ्यांना सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान मिळू लागले. २०२५-२६ साठी मात्र ते वर्षाला बाराऐवजी नऊ सिलिंडरपुरते मर्यादित करण्यात आले. सरासरी वापर पाचाच्या आत असताना या कपातीची झळ आज थोड्यांनाच लागेल, पण ती नेमकी चूल पूर्णपणे सोडणाऱ्या कुटुंबांनाच लागेल. त्याच वर्षी आणखी २५ लाख जोडण्यांना मंजुरी मिळाली. नव्या जोडण्यांसोबत जुन्या ग्राहकाने वर्षभरात किती सिलिंडर घेतले, याचा जिल्हावार आढावा प्रसिद्ध होऊ लागला, तर पाच किलोच्या लहान सिलिंडरची सोय कुठे वाढवायची आणि वितरकाचे अंतर कुठे कमी करायचे, हे ठरवणे सोपे जाईल.