ढोलकी लाइव्ह, व्हाया कळंब

वीकएंडला काय? मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, लोणावळ्याला जाऊन तिथलं ट्रॅफिकही बघून झालं. आणि लाइव्ह म्युझिक म्हटलं, की आपली गाडी दोनच स्टेशनांवर थांबते. एक तर डिसेंबरातला ‘सवाई’, नाही तर हजारो रुपयांचं तिकीट काढून दोन तास उभ्याने बघायची कॉन्सर्ट. दोन्ही मस्तच, वादच नाही. पण बॉस, तिसरंही स्टेशन आहे. पुण्याहून नाशिक हायवेला लागा, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये थोडा संयम दाखवा, मंचर मागे टाका, की घोड नदीकाठी येतं आंबेगाव तालुक्यातलं कळंब. तिथून पंधरा-वीस मिनिटांवर नारायणगाव. म्हणजे तमाशाची पंढरी!

‘तमाशा? फॅमिलीसोबत?’ असं म्हणून भुवया वर गेल्या असतील तर त्या आधी खाली घ्या. सिनेमातली लावणी म्हणजे तमाशा, हा आपला शहरी गैरसमज. ढोलकी फडाच्या तमाशाला बाकायदा फॉरमॅट असतो. आधी गण, मग गौळण, त्यात कृष्ण, पेंद्या आणि ती खट्याळ मावशी. मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वगनाट्य. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज... हलगी-ढोलकीची जुगलबंदी सुरू झाली, की मोबाइलवर मेल चेक करायची शुद्ध राहत नाही. आणि सोंगाड्या? गावचा सरपंच, राज्याचा मंत्री, पहिल्या रांगेतला पाटील, कुणालाच तो सोडत नाही. आपण ज्याला स्टँडअप म्हणतो, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

सुपारी फुटते ती इथे

हा सगळा कारभार चालतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि अक्षय्य तृतीया-बुद्ध पौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतात. खरी कमाई चैत्रातल्या यात्रांची. त्यासाठी महाशिवरात्रीच्या आसपासपासून नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. एकेक राहुटी म्हणजे एकेका फडाचं बुकिंग ऑफिस! यात्रा कमिटीची मंडळी जीपमधून येतात, चहा होतो, मग घासाघीस. ज्या तिथीला जास्त गावांची यात्रा, त्या तिथीचा भाव चढा. आपल्या विमानाच्या तिकिटांसारखंच. सौदा जमला की सुपारी पक्की. गुढीपाडव्याला तर नुसती झुंबड. मार्केटिंगवाल्यांनी एकदा तरी इथे अर्धा दिवस उभं राहावं.

सुपारी लाख-दोन लाखांच्याही पुढे जाते, हे ऐकून ‘मजाय की’ म्हणू नका. मोठ्या फडात शंभरच्या आसपास माणसं असतात. कलाकार, वादक, स्टेज लावणारे, ट्रक चालवणारे, स्वयंपाकी. पावसाळ्यात शो नाहीत, पण पोट असतंच. मग कलाकार मालकाकडून उचल घेतात आणि ती द्यायला मालक कर्ज काढतो. म्हणजे हंगाम सुरू होतो तोच मायनसमधून. 2020 आणि 2021 साली कोरोनामुळे लागोपाठ दोन वर्षं यात्राच झाल्या नाहीत. आपण घरून लॉगइन करत होतो. ढोलकी घरून कशी वाजवणार?

विठाबाईंचं गाव

नारायणगावचं नाव देशभर नेलं ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी. नऊ महिने पूर्ण भरलेले असताना त्या फडात उभ्या होत्या, कळा आल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला आल्या, ही त्यांची गोष्ट आजही सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, पण शेवटची वर्षं हलाखीत गेली. जानेवारी 2002 मध्ये त्या गेल्या. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पण कलाकाराला पुरस्काराआधी प्रेक्षक लागतो, आणि घोडं नेमकं तिथेच अडलंय.

आधी तमाशा रात्रभर चालायचा. वग रंगायचा तोच मुळी मध्यरात्रीनंतर. 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातले मोजके दिवस सरकारला 12 पर्यंत सूट देता येते, तेवढीच. नियम चुकीचा नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण कात्री लागली ती वगालाच. दोन-अडीच तासांत काय दाखवणार? मग सिनेमाची गाणी पुढे येतात आणि नाट्य मागे. सिनेमाचीच गाणी ऐकायची, तर ऑर्केस्ट्रा काय वाईट? डीजे तर त्याहून सोपा. अशी ही उतरण.

आता यात तुमचा-आमचा काय संबंध? आहे ना. या दोन तालुक्यांतली कितीतरी पोरं आज हिंजवडीत, खराडीत, चाकणला नोकरी करतात. यात्रेची वर्गणी मागायला गावाकडून फोन येतो तो त्यांनाच. ‘पैसे पाठवतो काका’ म्हणून विषय संपवायच्या ऐवजी पुढचं एक वाक्य बोला : ‘या वर्षी तमाशा आणा, आणि वग पूर्ण होऊ द्या. लवकर सुरू करू.’ सात वाजता पडदा उघडला, तर दहापर्यंत वग होतो. कमिटीतले काका-तात्या वर्गणीदाराचं ऐकतात, विश्वास ठेवा.

आणि उरलेल्या दिवशी?

यात्रेला गेलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी असते, ती चुकवू नका. दुपारी कुस्त्यांचा आखाडा. घाटात बैलगाडा शर्यत असेल तर विचारूच नका! 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या शर्यती डिसेंबर 2021 पासून अटींसह पुन्हा सुरू झाल्या आहेत. यात्रा नसेल, तर शिवनेरी, लेण्याद्री, ओझर एका दिवसात होतं. खोडदला जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आकाशाकडे कान लावून बसल्यात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे जत्राच भरते. पोटोबासाठी मासवडी, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. डाएट सोमवारपासून.

निघण्याआधी...

* यात्रा तिथीने ठरते. कॅलेंडर बघा, गावातल्या मित्राला फोन करा.
* बसायला सतरंजी न्या.
* मुलींनीही बिनधास्त जावं, पण ग्रुपने. प्रेक्षकांत बायका वाढल्या, की शिट्ट्या आपोआप कमी होतात.
* नाचणाऱ्या कलाकारांचे क्लोजअप काढून फॉरवर्ड करू नका. तिचं ते काम आहे, जसं तुमचं एक्सेल.
* हा बिबट्यांचा मुलूख आहे. रात्री उसाच्या कडेने पायी फिरायची हौस नको.
* आवडलं, तर शो संपल्यावर पडद्यामागे जाऊन ढोलकीवाल्याला तसं सांगा. टाळ्या त्याला मिळतात, पण समोर येऊन बोलणारे फार कमी.